बागेतला शरद: सप्टेंबर ते नोव्हेंबरच्या प्रकल्प नोंदी

१७ सप्टेंबर, बुधवार, सकाळी ६:४५

आजपासून सुरुवात. तारीख मुद्दाम हीच धरली, कारण हवामान खात्याच्या सरासरीप्रमाणे मान्सून राजस्थानच्या पश्चिम भागातून परतायला लागतो तो १७ सप्टेंबरला, आणि १५ ऑक्टोबरपर्यंत जवळपास सगळीकडून निघून जातो. म्हणजे बागेत पाऊस अजून आहे पण त्याचं जायचं ठरलंय. प्रश्न एकच घेतलाय, शरद ऋतू आपल्या बागेत नक्की कशात दिसतो? शरदातले फोटो शोधले की लालपिवळ्या पानांचेच येतात, पण आपल्याकडची पानगळीची झाडं पानं गाळतात ती बरीचशी थंडी सरताना, मग या तीन महिन्यांत काय होतं ते बघायचंय.

पद्धत: बुधवारी आणि रविवारी एकच चक्कर, एकाच रस्त्यानं, पाऊण तास, जमेल तेव्हा संध्याकाळचीही. झाडं ठरवून टाकली, दोन सातवीण, एक बूच, एक देशी बदाम, एक ताम्हण. त्यांच्यासाठी सीझनवॉचची (झाडांच्या ऋतूप्रमाणे होणाऱ्या बदलांच्या नोंदी लोकांकडून गोळा करणारा प्रकल्प) रीत वापरणार, म्हणजे नवी पानं, जुनी पानं, कळ्या, फुलं, फळं यांच्यापुढे फक्त 'नाही', 'थोडी', 'भरपूर' यातलं एक लिहायचं. मोजत बसायचं नाही त्यामुळे टाळाटाळ होत नाही.

आणि टाकीमागचा कोपरा. वीस पावलं बाय पंधरा पावलं एवढी जागा, पावसाळाभर तिकडे कुणी फिरकलेलं नाही, गवत कमरेएवढं, मधे तरोटा, आघाडा, कुर्डूचे गुलाबी तुरे नुकते वर यायला लागलेत. बाकी बाग छान विंचरलेली आहे, पण आज पाऊण तासातली वीस मिनिटं मी या कोपऱ्यातच घालवली.

आजची झाडं: सगळीकडे पानं भरपूर, बाकी नाही.

२१ सप्टेंबर, रविवार, संध्याकाळ

संध्याकाळी साडेसहाला कोपऱ्याजवळून एक तपकिरी फुलपाखरू उडालं, वेडंवाकडं, जमिनीलगत, आणि गवताच्या बुडाशी जाऊन बसलं. इव्हनिंग ब्राउन. दिवसा हे पाचोळ्यात लपून असतं आणि अंधार पडायला लागला की निघतं. पंख मिटून बसलं तेव्हा खालच्या बाजूला डोळ्यांसारख्या ठिपक्यांची रांग स्पष्ट दिसली, पिवळसर कडेचे काळे डोळे, मधे पांढरा बिंदू. हे त्याचं पावसाळी रूप. याच फुलपाखराचं एक कोरड्या दिवसांतलं रूप असतं ज्यात हे डोळे जवळजवळ पुसले जातात आणि पंख हुबेहूब वाळक्या पानासारखा दिसतो. पावसाळ्यात हिरवळ असते, पाखरू जास्त हिंडतं, तेव्हा चोच मारणाऱ्याचं लक्ष डोक्याऐवजी पंखाच्या कडेकडे गेलेलं बरं. कोरड्या दिवसांत मात्र पाचोळ्यात गप्प बसून राहणं जास्त उपयोगाचं.

म्हणजे मला शोधायचंय ते हेच. एकाच जातीचे कपडे कधी बदलतात ती तारीख. या फुलपाखराची अळी गवत खाते, त्यामुळे कोपऱ्यावर नजर ठेवायला आता सबळ कारण मिळालं.

२४ सप्टेंबर, बुधवार

दिवस-रात्र सारखे होऊन दोन दिवस झाले, आता रात्र मोठी होत जाणार. आपल्याकडे हा फरक फार नसतो पण झाडांना आणि पक्ष्यांना तेवढासुद्धा कळतो, कित्येक झाडांचं फुलणं आणि कित्येक पक्ष्यांचं निघणं दिवसाच्या लांबीवर बांधलेलं असतं.

आजची मोठी नोंद चातकाची. कुंपणाजवळ सातभाईंचा नेहमीचा कलकलाट चालला होता म्हणून थांबले तर त्यांच्यात एक पिल्लू वेगळंच, अंगानं त्यांच्याएवढंच, शेपूट लांब, पाठ काळपट तपकिरी, पोट मळकट पांढरं, आणि पंख थरथरवत सारखं खायला मागतंय. दोन सातभाई आळीपाळीनं त्याला किडे भरवत होते. चातकाची मादी अंडं सातभाईंच्या घरट्यात घालून मोकळी होते आणि पुढचं सगळं सातभाई करतात हे माहीत होतं, पण डोळ्यांनी बघणं वेगळंच. हे पिल्लू थोड्या दिवसांनी एकटं निघेल, वाट दाखवायला कुणी नाही, सातभाई तर कुठे जातच नाहीत, आणि तरी ते रस्ता धरतं. मी जागची हलले नाही, चक्कर अर्धी राहिली, राहू दे.

२८ सप्टेंबर, रविवार

आला! सव्वासातला तळ्याच्या कडेच्या फरशीवर आधी आवाज, धारदार 'चिचिक्, चिचिक्', आणि मग करडा धोबी. पाठ राखाडी, शेपटीखाली पिवळा धम्मक, शेपटी सतत खालीवर. वजन जेमतेम अठरा-वीस ग्रॅम आणि हिमालयातून किंवा त्याच्याही पलीकडून आलाय. मागच्या रविवारी नव्हता, बुधवारी नव्हता, आज आहे. पाहुण्यांपैकी पहिला.

भाचीला फोन करून उठवलं, ती म्हणाली "मावशी, रविवार आहे गं आज", पण अर्ध्या तासात आली आणि तिनंच त्याला दुसऱ्यांदा शोधला.

१ ऑक्टोबर, बुधवार

लॉनवर चतुरांचा थवा. शंभराच्या वर असतील, मोजणं अशक्य, छातीएवढ्या उंचीवर नुसते तरंगत होते, बसत एकही नव्हता. हे पँटाला जातीचे, मराठीत सगळ्या जातींना चतुरच म्हणतो आपण. यांच्याविषयी वाचल्यापासून मला यांच्याकडे नुसतं बघताच येत नाही. मालदीवमध्ये राहणारे जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनी २००९ मध्ये मांडलं की गोडं पाणी जवळपास नसलेल्या त्या बेटांवर दरवर्षी ऑक्टोबरपासून लाखो चतुर येतात ते भारताकडून येतात, वाऱ्यावर स्वार होऊन पुढे पूर्व आफ्रिकेपर्यंत जातात, आणि तिकडच्या पावसात वाढलेल्या पुढच्या पिढ्या परत फिरतात. सगळा फेरा १४,००० ते १८,००० किलोमीटरचा, चार पिढ्यांत मिळून. पावसाच्या साचलेल्या डबक्यात दीड-दोन महिन्यांत वाढणारा, बोटाएवढा किडा.

आज ज्या दिशेनं वारा होता त्या दिशेनंच थवा सरकत होता हे लिहून ठेवते, यातून काही सिद्ध होत नाही.

५ ऑक्टोबर, रविवार

सकाळी मशीनचा आवाज ऐकला आणि पोटात धस्स झालं. माळीकाका कोपरा कापायला घेत होते, एक पट्टा गेलासुद्धा होता. मी धावत गेले. ते म्हणाले, "ताई, लोक तक्रार करतात, साप निघतील म्हणतात, वरून सांगितलंय." ते चुकीचं बोलत नव्हते, वाट त्या गवताला लागूनच आहे आणि तिथून लहान मुलं जातात. मी त्यांना फुलपाखराचा फोटो दाखवला, अळी गवतावर असते ते सांगितलं, तर काका म्हणाले, "हिरवी असती ना, डोक्याला दोन शिंगं असल्यासारखी? ती मी लय वर्षं बघतोय, तिचंच पाखरू व्हय हे!" अळी त्यांना माहीत होती, पाखरू मला माहीत होतं, दोन्ही एकच हे आज दोघांनी मिळून जोडलं.

शेवटी ठरलं असं की वाटेकडचा अर्धा भाग कापायचा, भिंतीकडचा अर्धा बी पडेपर्यंत ठेवायचा. वरच्यांना काय सांगायचं ते काका बघणार. मला पूर्ण कोपरा हवा होता, पण वाटेकडच्या भागाबद्दल त्यांचं म्हणणं मला पटलं. आणि आता एक गोष्ट आपोआप झाली, शेजारी शेजारी कापलेलं आणि न कापलेलं असे दोन तुकडे मिळाले, तुलना करता येईल.

८ ऑक्टोबर, बुधवार

काल संध्याकाळी गडगडाट, वीस मिनिटं जोरात सर, आज ऊन चटका देणारं, ऑक्टोबर हीट म्हणतात ती हीच. चातकाचं पिल्लू दिसलं नाही. सातवीणीला कळ्या: भरपूर.

१२ ऑक्टोबर, रविवार, सकाळी ६:३०

पहिलं ठसठशीत दव! आकाश रात्रभर मोकळं असलं की जमीन पटकन गार होते आणि पहाटे हवेतलं पाणी गवतावर उतरतं. त्यामुळे आज एकदम कळलं की इथे कोळी किती आहेत, कारण एरवी न दिसणारी जाळी दवानं पांढरी होऊन उठून दिसत होती. गवतावर पसरलेल्या चादरीसारखी जाळी, एका बाजूला नरसाळ्यासारखं भोक, त्यात मालक बसलेला. भाची एका बाजूनं मी एका बाजूनं अशी मोजली. न कापलेल्या अर्ध्यात ४१. कापलेल्या अर्ध्यात ६. एका सकाळची मोजणी आहे, पुन्हा करणार, पण भाचीनं आकडे वहीत स्वतःच्या हातानं लिहिले आणि खाली दोन रेघा मारल्या.

न कापलेल्या भागात आघाड्याच्या दोन झुडपांमध्ये सिग्नेचर स्पायडर पण आहे, जाळ्याच्या मधोमध जाड पांढऱ्या नागमोडी रेशमाची इंग्रजी एक्ससारखी फुली आणि त्या फुलीवर पाय जोडीजोडीनं लावून मादी. ती सही कशासाठी यावर अभ्यासकांची वेगवेगळी मतं आहेत, कुणी म्हणतं किडे खेचायला, कुणी म्हणतं पक्ष्यांनी जाळं पाहून बाजूनं जावं म्हणून.

ठिपकेवाल्या मुनियांची जोडी गवताची लांब पाती चोचीत धरून ताम्हणाकडे नेत होती, पातं मागे शेपटीसारखं लहरत. अजून घरटं चाललंय म्हणजे. गवताचं बी पिकतं तेव्हाच यांची पिल्लं.

१५ ऑक्टोबर, बुधवार, रात्री ८

सातवीण फुलली. दाराशीच वास आला, नजर वर करायची गरजच पडली नाही. हिरवट पांढरी बारीक फुलं, गुच्छच्या गुच्छ, खाली सातसात पानांचं चक्र (मोजली, बरीच सहाची पण आहेत). हा वास रात्री चढतो आणि काहींना त्याचा त्रास होतो, बाकावरचे एक आजोबा रुमाल लावून बसले होते. मला स्वतःला तो आवडतो. पूर्वी याच्या लाकडाच्या पाट्या करायचे म्हणून शास्त्रीय नावात स्कोलॅरिस, म्हणजे शाळेचं, आलंय. झाडाखाली पाच मिनिटं टॉर्च धरला तर बारीक पतंगांची नुसती झुंबड.

सीझनवॉच: दोन्ही झाडं, फुलं भरपूर.

१९ ऑक्टोबर, रविवार

कुसळांचा दिवस. भिंतीकडचं कुसळी गवत पूर्ण वाळलं, सोनेरी झालं, आणि आम्ही दोघी बाहेर आलो तर ओढण्या आणि मोजे कुसळांनी भरलेले. बाकावर बसून एकेक उपटताना भाचीनं विचारलं, "मावशी, हे वाकडं का असतं?" मग प्रयोगच केला. एक कुसळ तळहातावर ठेवलं आणि बाटलीतल्या पाण्याचा एक थेंब टाकला. दोन-तीन सेकंद काही नाही. मग ते हळूच गोल फिरायला लागलं, जिवंत असल्यासारखं, पीळ सुटत सुटत. भाची ओरडलीच. वाळलं की पुन्हा पीळ बसतो. बी जमिनीवर पडतं, टोक अणकुचीदार, त्यावर मागे वळलेले केस, रात्री दवानं पीळ सुटतो, दिवसा उन्हानं बसतो, असं फिरत फिरत बी स्वतःला मातीत स्क्रूसारखं रोवून घेतं. मोटर नाही, स्नायू नाहीत, बी तर नुसतं वाळून पडलेलं. फक्त ओल आणि ऊन.

आम्ही नऊ वेळा केलं. नऊही वेळा फिरलं. (एकच कुसळ किती वेळा चालतं तेही बघायचं होतं, पाचव्यांदा जरा मंद झालं.)

बाकी: थिरथिरा आला, भिंतीवर, शेपूट थरथर. गोगलगायी दिसेनाशा झाल्यात, काकांनी कुंडीखाली दाखवल्या, तीन मोठ्या शंखगोगलगायी, शंखाचं तोंड पांढऱ्या पापुद्र्यानं बंद करून भिंतीला चिकटलेल्या. आता पुढचा पाऊस येईपर्यंत त्या तशाच.

२२ ऑक्टोबर, बुधवार

आज वही मागून पुढे चाळली आणि एक अडचण लक्षात आली. आलेल्यांच्या सगळ्या तारखा आहेत, धोबी २८ सप्टेंबर, थिरथिरा १९ ऑक्टोबर. गेलेल्यांची एकही नाही. बेडकांचा आवाज शेवटचा कधी ऐकला? कोकिळा कधी गप्प झाली? पैसा किडे पायवाटेवर कधीपासून नाहीत? जे येतं ते दिसतं आणि आपण लिहितो, पण शेवटचं बघताना ते शेवटचं आहे हे त्या क्षणी माहीत नसतं, पंधरा दिवस गेल्यावर मागे जाऊन कळतं. चातकाचं पिल्लू मी २४ सप्टेंबरला शेवटचं पाहिलं. तेव्हा वाटलं होतं की रविवारी पुन्हा निवांत बघू.

म्हणून आजपासून वहीत नवा रकाना, प्रत्येक चकरेला दहा ठरलेल्या गोष्टींपुढे 'आहे' किंवा 'नाही' लिहायचंच, नेहमीची असली तरी. रोज दिसणारी गोष्ट रोज लिहिणं कंटाळवाणं आहे, पण शेवटची तारीख मिळवायचा दुसरा मार्ग मला दिसत नाही.

सुगरणीचे नर आता ओळखूच येत नाहीत, विणीचा पिवळा रंग गेला, माद्यांसारखेच चिमणीच्या रंगाचे होऊन मुनियांच्या थव्याशेजारी गवताचं बी टिपत होते. तळ्याकाठच्या बाभळीखाली एक घरटं पडलं होतं, आत घुमटाला आतून मातीचे वाळलेले गोळे चिकटवलेले. भाचीच्या शाळेत देऊन टाकलं.

२६ ऑक्टोबर, रविवार

इव्हनिंग ब्राउन, दोन. एक पावसाळी रूपातलं, पंखाच्या कडा फाटलेल्या, जुनं. दुसरं नवं कोरं आणि मधलंच, ठिपके आहेत पण लहान, रंग जास्त पिवळट तपकिरी. फोटो काढले. दवावरची जाळी पुन्हा मोजली, न कापलेलं ३७, कापलेलं ९.

२ नोव्हेंबर, रविवार

थंडी पहिल्यांदा जाणवली. लाल छातीचा माशीमार, बदामाच्या खालच्या फांदीवर, आधी 'टिर्रर्र' असा खुळखुळ्यासारखा आवाज आणि शेपूट झटकन वर. याची मादी किंवा पिल्लू असावं, छाती मळकट पांढरी, पण शेपटीच्या बुडाशी दोन्हीकडे पांढरं होतं, खूण पटली. सातवीणीची फुलं आता थोडी, बारीक दोरीसारख्या शेंगा जोडीनं लोंबायला लागल्यात.

कोतवाल आहे. धोबी आहे. चतुर नाही (तिसरी चक्कर). तरोट्याच्या शेंगा वाळून तडकतायत.

५ नोव्हेंबर, बुधवार, संध्याकाळ

मिळालं.

भिंतीकडच्या अर्ध्यात, गवताच्या बुडाशी साचलेल्या पाचोळ्यात, मी पाऊल टाकणारच होते आणि एक पान उडालं. दोन हातांवर जाऊन बसलं आणि पुन्हा पान झालं. तीन-चार मिनिटं माझ्या डोळ्यांसमोर असून दिसत नव्हतं, शेवटी पंखाच्या टोकाच्या आकड्यासारख्या वळणावरून सापडलं. डोळे नाहीत. म्हणजे जवळजवळ नाहीत, जिथे असायला हवे तिथे सुईच्या टोकाएवढे फिकट ठिपके. बाकी सगळा पंख वाळक्या पानासारखा, मधे शिरेसारखी एक गडद रेघ, कडेला बुरशी लागल्यासारखे डाग.

अळी असताना जे तापमान मिळतं त्याचा या रूपावर मोठा हात असतो. म्हणजे आज माझ्यापुढे बसलेल्या पाखराचा कपडा काही आठवड्यांपूर्वी, रात्री गार व्हायला लागल्या तेव्हाच ठरला, ते गवत खात होतं तेव्हा. मी ऑक्टोबर हीट लिहीत होते आणि अळीनं रात्रीचा गारवा नोंदवला होता.

काकांना बोलावलं. त्यांनी बराच वेळ बघितलं, मग म्हणाले, "ताई, हे मी पान समजून झाडलं असंन किती येळा." पुढे बराच वेळ कुणी काही बोललं नाही, अंधार पडेपर्यंत आम्ही दोघं तिथेच होतो.

९ नोव्हेंबर, रविवार, पहाटे

बुचाखाली पांढरा सडा. लांब नळीची फुलं, रात्री उमलतात, सकाळी गळतात, नळी एवढी लांब की तळाशी पोचायला लांब सोंडेचाच पतंग लागतो. काल रात्री साडेनऊला भाची आणि मी मुद्दाम थांबलो आणि एक हॉकमॉथ पाहिला, फुलापुढे हवेत जागच्या जागी थरथरत, सोंड आत. पाच-सात सेकंद, मग गेला. भाचीनं तो रकाना भरला, वेळेसकट.

१६ नोव्हेंबर, रविवार

माळीकाका स्वतःहून म्हणाले, "बी पडलं आता, घेऊ का कापायला?" बरोबर होतं त्यांचं, गवत पूर्ण आडवं झालंय आणि वाळलेल्या गवताला आग लागायची भीती खरी आहे. पण आधी आम्ही तिघांनी कोपरा काडी काडी करून तपासला. मँटिसच्या, म्हणजे प्रार्थना कीटकाच्या अंड्यांच्या पिशव्या मिळाल्या, वाळलेल्या फेसासारख्या, काड्यांना घट्ट चिकटलेल्या, एकूण सात. त्या काड्यांना लाल चिंधी बांधली. काकांनी मशीन आणलंच नाही, विळ्यानं कापलं, चिंध्या सोडून, आणि कापलेलं गवत न पेटवता भिंतीकडेला रचून ठेवलं, पाचोळ्यासकट. सिग्नेचर स्पायडरचं जाळं रिकामं होतं, पण शेजारच्या काडीला तिचा अंड्यांचा चपटा कोश होता, त्यालाही चिंधी.

१९ नोव्हेंबर, बुधवार

चिंध्या आठही जागेवर. धोबी आहे, थिरथिरा आहे, माशीमार आहे, कोतवाल आहे. बूच: फुलं भरपूर. रचलेल्या गवताशेजारी इव्हनिंग ब्राउन एक, कोरडं रूप.

बदामाला एक पान लाल झालंय, दक्षिणेकडच्या फांदीवर, तळव्याएवढं. हिरवं उतरतं तसा पानात लाल रंग नव्यानं तयार होतो. जुनी पानं या रकान्यात दोन महिने 'नाही' लिहीत होते, आज 'थोडी' लिहिलं. ते पान कधी पडतं बघायचंय, म्हणून आता रोज जाणार.